ओल्या रिंगवरचा ब्रेक

महाराष्ट्रातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. शाळा घरापासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्या मुलींसाठी ही योजना आहे आणि रक्कम आता ५,००० रुपये आहे. सायकल घरच्यांनी निवडायची आणि दुकानाची पावती शाळेत द्यायची. पावतीवर किंमत लिहिलेली असते. ती सायकल पावसात किती अंतरावर थांबते हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं, आणि कुणी विचारतही नाही.

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत एका मामा-भाचीमध्ये नेमक्या याच प्रश्नावरून जुंपली. मामांनी बाजारातल्या त्यांच्या दुकानात जन्मभर सायकली जोडल्या आणि मोडक्या सायकली सरळ केल्या. भाची पुण्यात राहून सायकलींच्या रचनेचं काम करते. मी मध्ये बसून ऐकत होतो, आणि राहवलं नाही तिथे बोललोही.

पाथरीचा मुलूख सपाट आहे. गोदावरीकाठची काळी माती, जायकवाडीच्या पाण्यावरचा ऊस, आणि गावावरून जाणारा कल्याण-निर्मल महामार्ग. गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या दिवसरात्र चालतात, साईजन्मस्थान मंदिरामुळे बाहेरगावच्या गाड्याही असतात. आसपासच्या खेड्यांतून सायकलवर येणाऱ्या मुलींना या रहदारीतूनच शाळा गाठावी लागते.

मामा : पाच हजारात मी पोरीला काळी सायकलच देणार. लेडीज फ्रेम, अठ्ठावीसची रिंग, दांडीचे ब्रेक. वजन वीस किलो भरतंय, भरू दे. मोडली तर गावात नीट होती. तुझी ती रंगीत सायकल मोडली की बाप तिला पत्र्याच्या शेडमधी टाकतो, आन् पोरगी परत पायी.

भाची : फ्रेमवर आपण नंतर भांडू, मामा. आधी ब्रेकचं सांगा.

मामा : दांडीच्या ब्रेकला काय झालं? वायर न्हाई, त्यामुळं गंजून तुटायची भीती न्हाई. मूठ दाबली की सळई ओढती आन् गुटके रिंगला आतून लागतेत. रिंग आउट होऊन इकडंतिकडं हलायली तरी ब्रेकला फरक पडत न्हाई. तुमचे ते बाजूनं धरणारे ब्रेक रिंग जराशी वाकली की घासायला लागतेत. आमच्या रस्त्यावर सरळ रिंग किती दिवस राहती, सांग बरं.

मामांचं हे म्हणणं खरं आहे. जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर सायकल १८८५ साली आली, डनलॉपचा हवेचा टायर १८८८ साली आला, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपण आज ओळखतो ती सायकल जवळपास पुरी झाली. त्या काळच्या रस्त्यांवर रिंग वाकडी होणार हे गृहीत धरूनच सळईचा ब्रेक रचलेला होता. वेस्टवुड नावाची गोलसर काठांची रिंग असायची, आणि गुटका तिच्या बाजूला न लागता आरे बसतात त्या आतल्या अंगाला लागायचा. १८९६ साली बोडेन यांच्या वायरचं पेटंट झालं, तरी खेड्यापाड्यांच्या सायकलींवर सळई टिकून राहिली ती याच गुणामुळे. खड्ड्यात आदळून रिंग आत बसली तर मात्र या ब्रेकला प्रत्येक फेऱ्यात झटका बसतो, आणि त्यावर मामांकडेही हातोडीशिवाय उपाय नाही.

भाचीने उत्तर दिलं नाही. तिने दुकानातली एक काळी सायकल स्टँडवर चढवली, पायडल हाताने मारून मागचं चाक वेगात आणलं आणि मूठ दाबली. चाक जागच्या जागी थांबलं. मग तिने तांब्याभर पाणी रिंगवर ओतलं, चाक पुन्हा तेवढंच फिरवलं आणि मूठ तेवढीच दाबली. चाक फिरतच राहिलं. गुटक्यांखालून पाण्याचे शिंतोडे उडत होते आणि आरे दिसेनासे झालेलेच होते. मामांनी पुढे होऊन स्वतः मूठ आवळली. त्यांच्या पंजाची ताकद आठवीतल्या मुलीला कुठून येणार, तरीसुद्धा चाक थांबायला बराच वेळ लागला. तिने गुटका काढून माझ्या हातात दिला. उन्हाने रबर कडक झालं होतं, आणि रिंगला घासणारी बाजू चकचकीत, नख रुतणार नाही इतकी टणक होती.

भाची : क्रोमचा मुलामा दिलेली लोखंडी रिंग इतकी गुळगुळीत असते, की पाण्याचा थर तिच्यावरून पुसलाच जात नाही. रबर पाण्यावरून घसरत राहतं. अमेरिकेत एमआयटीमध्ये डेव्हिड गॉर्डन विल्सन यांनी यावर चाचण्या केल्या होत्या. ओल्या क्रोमवर रबराची पकड कोरड्याच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली जाते.

मामा : मला काय म्हाईत न्हाई का ते? पावसात ब्रेक लागत न्हाई हे बारकं पोरगंही सांगंल. म्हणून तर पाय टेकवतेत. मी गिऱ्हाइकाला सांगतो, पाऊस लागला की आधीपासूनच जरा जरा ब्रेक दाबत ऱ्हा, रिंग पुसली जाती. आन् जुन्या काळी आम्ही गुटक्यावर चामड्याची चकती बसवायचो. ओल्यात चामडं धरतं.

भाची : चामडं धरतं, हे अगदी बरोबर आहे. इंग्लंडमध्येही क्रोमच्या रिंगांसाठी चामडं लावलेले गुटके विकले जायचे. पण तुम्ही ते बसवणं का सोडलंत?

मामा : काळ्या मातीत टिकत न्हाई. चिखल भरला की कडक होऊन निघून पडतं.

भाची : मग एवढंच म्हणायचं आहे माझं. ज्या गोष्टीवर पाय टेकवणं हा उपाय असतो तिला मी ब्रेक म्हणत नाही. घरी जायच्या वेळेला पाऊस आला, मागे कॅरिअरवर धाकटी बहीण आहे, समोर ट्रॉली वळली. तिथे पाय टेकवून काय होणार?

इथे मी भाचीच्या बाजूने बोललो, आणि आजही त्याच बाजूने आहे. पाथरीत घाट नाही म्हणून ब्रेक कमी लागतो, हा समज मी पुष्कळांकडून ऐकला आहे. उतारावर निदान आपला वेग आपल्याला आधी कळतो आणि माणूस सावध असतो. सपाट रस्त्यावर थांबायची वेळ दुसऱ्याच्या चुकीमुळे येते, तीही न सांगता. ताशी २० किलोमीटरने चाललेल्या सायकलीला, दोन्ही ब्रेक चांगले आणि रस्ता कोरडा असेल तर, ब्रेक लागल्यापासून थांबायला सव्वातीन मीटरच्या आसपास अंतर पुरतं. समोरचं दिसून हात मुठीवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर त्या एका सेकंदात सायकल साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. हा एक सेकंद कोणताही कारखाना कमी करू शकत नाही. पुढच्या सव्वातीन मीटरचे ओल्या क्रोमवर तीस-चाळीस मीटर होऊ द्यायचे की नाही, एवढंच रचनाकाराच्या हातात असतं.

मामांनी तो तांब्या बाजूला ठेवला आणि दुरुस्तीला आलेली एक रेंजर सायकल पुढे ओढली. पुढे-मागे डिस्क ब्रेक, पुढच्या चिमट्यात स्प्रिंगा. त्यांनी पुढचं चाक फिरवलं. चाक फिरताना एका जागी दर वेळी खर्र आवाज यायचा.

मामा : ही बघ तुझी नवी विद्या. डिस्क वाकडी झालीय. शाळेच्या स्टँडवर शेजारची सायकल हिच्यावर पडली, बास, तेवढंच. एका बाजूचा गुटका झिजलाय, तो पाथरीत मिळत न्हाई. परभणीला इचारलं तर म्हणले हा माल आमच्याकडं न्हाई, पुरा संच घ्या. पुऱ्या संचाच्या पैशात मी दोन काळ्या सायकलींचे ब्रेक नवे करून देतो. आन् ह्या चिमट्यातल्या स्प्रिंगा बघ. दाबल्या तर दबतेत, वर येत न्हाईत. पोराच्या बापाला वाटलं मोटारसायकलसारखी दिसती, म्हणून घेतली.

भाची : या सायकलीची बाजू मी घेणारच नाही. डिस्क स्वतः वाईट नाही, पण स्वस्तातली डिस्क वाईट असते, आणि त्याला कारण आहे. रिंगवर लागणारा ब्रेक चाकाच्या मध्यापासून तीनशे मिलिमीटरवर धरतो. डिस्क धरते ती सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटरवर. तेवढंच थांबवायचं तर डिस्कच्या गुटक्याला चौपट किंवा त्याहून जास्त जोर लावावा लागतो. तो जोर पेलायला ब्रेकचा जबडा ताठ हवा. पातळ पत्र्याचा जबडा केला तर मुठीचा जोर जबडा फाकवण्यातच जातो. शिवाय रिंगचा ब्रेक चिमट्याला वरच्या बाजूला, जिथे तो जाड असतो तिथे ताण देतो. डिस्कचा ताण येतो चिमट्याच्या एकाच पायावर, तोही खाली. म्हणजे डिस्क लावायची तर चिमटाही दुसरा करावा लागतो. पाच हजारांत हे सगळं बसवलं की कुठेतरी चोरी होणारच.

मामा : मग कशाला सांगायलीस नवं नवं?

भाची : नवं म्हणजे डिस्कच असं कुठे आहे? शिमानोने १९९६ साली व्ही-ब्रेक आणला. दोन लांब हात, मध्ये आडवी वायर, एवढाच तो. लांब हातामुळे जोर वाढतो. अ‍ॅल्युमिनियमची रिंग आणि चांगलं रबर असेल तर पावसातही तो धरतो, कारण अ‍ॅल्युमिनियमवरचं पाणी रबराने पुसलं जातं. पहिल्या फेऱ्यात नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्यात नक्की.

मामा : आन् मूठ? आता ज्या मुठी येतेत त्या प्लास्टिकच्या. दाबली की मूठच वाकती. ब्रेक लागला का मूठ लवली हे पोरीला कळत न्हाई.

हा आक्षेप भाचीने टिपून घेतला. मला तो सगळ्यांत मोलाचा वाटला, कारण मूठ ते रिंग या रस्त्यात जोर कुठे गळतो हे मामांनी हाताने ओळखलं होतं. प्लास्टिकची मूठ लवते, स्वस्त वायरचं वेष्टण दबतं, पातळ पत्र्याचा हात वाकतो. हे सगळं लवून झाल्यावर जे उरतं ते रिंगपर्यंत पोचतं. सळईच्या ब्रेकमध्ये हा तोटा फार कमी होता. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मूठ हँडलपासून किती लांब आहे, याकडे कुणी बघत नाही. आठवीतल्या मुलीची बोटं मुठीला जेमतेम टोकाने लागतात, आणि टोकाच्या बोटांत जोर नसतो. मूठ जवळ आणण्यासाठी एक लहानसा स्क्रू चांगल्या मुठींमध्ये असतो. त्या स्क्रूची किंमत काही रुपये असेल. सरकारी पैशाने मुलींसाठी घेतलेल्या सायकलीत तो असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या कारखान्यांनी पावसात लागणारा ब्रेक का केला नाही, हा विचार माझ्या मनात येतो. १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलास, १९५६ साली लुधियानात हिरो, चेन्नईला हर्क्युलिस, आसनसोलला सेन-रॅले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. मामांच्या वडिलांकडे तीच होती आणि तिचं नाव काढलं की मामांचा आवाज बदलतो. पुढे हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं १९८०च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झालं. या सगळ्यांनी इंग्लंडच्या रोडस्टरचा, म्हणजे याच काळ्या सायकलीचा, साचा घेतला आणि कोट्यवधी लोकांना परवडेल अशा भावात सायकल दिली. ही फार मोठी कामगिरी होती. पण पावसातल्या ब्रेकचा प्रश्न जसा आला तसाच राहिला.

ब्रेकवर मामा थोडे नमले असं वाटत असतानाच फ्रेमचा विषय निघाला, आणि आता सरशी त्यांची होती.

भाची : अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमने वजन कमी होईल, मामा. वीस किलोची सायकल ढकलून बारावीतली मुलगीही दमते.

मामा : आन् मोडली तर? लोखंडाची नळी तुटायच्या आधी सांगती. रंग तडकतो, बारीक गंजाची रेघ दिसती, सायकल डोलायला लागती. मग माझ्याकडं येतेत. मी गॅसवर तापवून पितळेचा डाग देतो, वरून पट्टी मारतो, आन् ती परत चालती. अ‍ॅल्युमिनियमला पाथरीत कोण डाग देणार?

भाची : इथे मला काही म्हणायचं नाही. लोखंडाला एक मर्यादा असते, तिच्या खालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान लहान धक्के साठत जातात आणि एक दिवस तडा जातो. शिवाय ते वेल्ड केल्यावर भट्टीत ठरलेल्या तापमानाला ठेवावं लागतं, नाहीतर जोडाजवळ नरम राहतं. ते वजनाला लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं असतं, पण ताठपणालाही तिसराच हिस्सा. म्हणून नळ्या जाड कराव्या लागतात, आणि जाड नळीचा पत्रा पातळ ठेवला की शेजारची सायकल पडून पोचा येतो.

मामा : मग झालं तर.

भाची : झालं नाही. तुमच्या लेडीज फ्रेमचं काय?

कोपऱ्यात एक लेडीज फ्रेम पडली होती. खाली वाकून गेलेली नळी मागच्या उभ्या नळीला जिथे मिळते तिथेच ती तुटली होती. भाचीने ती उचलून जमिनीवर टेकवली आणि पुढचं टोक एका हाताने पिळलं. फ्रेम डोळ्यांना दिसेल इतकी वळली. शेजारची जेंट्स फ्रेम तशीच पिळली तर काहीच हललं नाही.

भाची : जेंट्स फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण. पुढचा अगदी टोकदार त्रिकोण नसला तरी काम तेच करतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तर आकार बदलत नाही, चौकोन बदलतो. म्हणून नळ्यांवर येणारा भार बहुतेक ताणाचा आणि दाबाचा असतो, वाकवण्याचा कमी. लेडीज फ्रेममध्ये साडी किंवा पंजाबी ड्रेस अडकू नये म्हणून वरची नळी खाली आणली, आणि पुढचा त्रिकोण गेला. मागे कॅरिअरवर कुणी बसलं की सगळा पीळ या एका जोडावर. मुलींच्या सायकलीवर मुलांच्यापेक्षा कमी भार असतो असं कुणी ठरवलं? दप्तर, बहीण, घरचं दळण, सगळं तिच्याच कॅरिअरवर असतं.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी शेडमधून दुसरी एक लेडीज सायकल आणली. तिच्यावर त्यांनी स्वतः एक काम केलेलं होतं. हँडलच्या नळीपासून दोन बारीक सळ्या, सीटच्या नळीच्या दोन्ही अंगांनी, थेट मागच्या चाकाच्या आसापर्यंत नेऊन डाग दिलेल्या होत्या.

मामा : दळण न्हेणारी बाई होती. तीनदा फ्रेम तुटली. चौथ्यांदा म्हणलं, हे असं करून बघू. तवापासून आली न्हाई.

भाची : मामा, युरोपात या फ्रेमला मिक्स्ट म्हणतात. अगदी हीच रचना. पाय टाकायला जागा राहते आणि पीळही सहन होतो. तुम्हाला कुणी दाखवलं?

मामा : कोण दाखवणार? तुटत होती, दिसलं.

तिने मग त्यांना दुसरा मार्गही सांगितला. सळ्या वाढवायच्या नसतील तर खालची एकच नळी जाड घ्यायची. नळीचा घेर सव्वापट केला आणि पत्रा तेवढाच ठेवला तर वजन सव्वापटच वाढतं, ताठपणा मात्र जवळपास दुप्पट होतो. मामांना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या अनुभवात मजबुती पत्र्याच्या जाडीतून येते. तिने कागदाची एक बारीक आणि एक रुंद सुरळी करून दोन्ही पिळून दाखवल्या. मामांनी रुंद सुरळी दोनदा पिळून बघितली आणि काही न बोलता खिशात ठेवली.

मामा : बरं, ते तुमच्या पुण्यात बांबूची सायकल करतेत म्हणं?

भाची : हो. शशिशेखर पाठक म्हणून हवाई दलात होते, त्यांनी ‘बांबूची’ नावाने हाताने बांबूच्या फ्रेमा बनवल्या. बांबू हादरे छान पितो. नळीचं काम बांबू करतो आणि जोड धाग्याने गुंडाळून राळेने पक्के करतात. इंग्लंडमध्ये १८९०च्या दशकातही बांबूच्या सायकली होत्या.

मामा : जोड निखळला तर?

भाची : परत गुंडाळायचा. पण राळ चांगली हवी, आणि वेळ हवा.

मामा : म्हणजे पोरगी चार दिवस पायी. चांगली वस्तू असंल, बघायला मी येतो. पण इथं न्हाई चालायची. लोखंड संपलं तरी संपत न्हाई. जुनी फ्रेम घेऊन जातेत, तिचं कोळपं करतेत.

हे खरं आहे आणि त्याचा उगम जळगाव जिल्ह्यात आहे. शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचं पुढचं चाक आणि हँडल घेऊन त्यामागे कोळप्याची पास बसवली. बैल परवडत नाहीत अशा शेतकऱ्याला एकट्याने कोळपणी करता यावी हा हेतू. त्यांच्या ‘कृषिराजा’ची राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दखल घेतली, आणि आज मराठवाड्यात कापसात-सोयाबीनमध्ये अशी सायकल कोळपी सर्रास दिसतात. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम असती तर ते गावच्या वेल्डरकडे झालं नसतं. फ्रेमच्या बाबतीत मामांचं पारडं जड आहे, असं मी तिथेच सांगितलं. सायकलींच्या आंतरराष्ट्रीय मानकात फ्रेमवर पायडलचा दाब एक लाख वेळा देऊन बघतात, ओल्या ब्रेकची वेगळी चाचणी असते, हे भाचीने सांगितलं तेव्हा मामांनी विचारलं, त्या परीक्षेत चिखल असतो का. नसतो. काळ्या मातीत मडगार्डखाली चिखल दाटून चाकच फिरायचं थांबतं आणि मुली काडीने तो उकरत बसतात. चाक आणि मडगार्ड यांत दोन बोटं जागा सोडली तर हे टळेल. याला कसलंही संशोधन लागत नाही.

पुढच्या ब्रेकवर मात्र दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही.

मामा : मी पोरींना सांगतो, पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील.

भाची : आणि नुसत्या मागच्या ब्रेकने दुप्पट अंतर लागतं. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो, मागचं हलकं होतं आणि घसरतं. थांबवण्याचं खरं काम पुढचंच चाक करतं. काळी सायकल लांब आहे, बसणारी मागे बसते, कॅरिअरवर ओझं असतं. ती सहजी उलटणार नाही.

मामा : डांबरावर न्हाई उलटणार. चिखलात पुढचं चाक अडकलं तर आडवी पडती. मी बघितलंय, तू बघितलं न्हाईस.

दोघंही खरं बोलत होते. डांबरी रस्त्यावर पुढचा ब्रेक हवा, चिखलात आणि मुरमावर मागचा, आणि वळताना पुढचा नकोच. हे मुलीला सायकल देताना अर्ध्या तासात शिकवता येतं. शाळेच्या मैदानावर, कोरड्यात एकदा आणि पाणी मारून एकदा. शाळा पावती घेतात तशी ही अर्ध्या तासाची शिकवणीही घ्यायला हवी.

शेवटी विषय कामावर आला. तुटलेली ती लेडीज फ्रेम मामा मिक्स्ट करणार होते, आणि तिच्यावर पावसात लागणारा ब्रेक कसा बसवायचा हा प्रश्न होता. व्ही-ब्रेक बसेना, कारण जुन्या चिमट्याला त्याच्या खुंट्याच नाहीत. अ‍ॅल्युमिनियमची अठ्ठावीसची जुन्या मापाची रिंग मिळेना, आणि सव्वीसची घातली तर ब्रेक रिंगपर्यंत पोचेना.

भाची : मग रिंगचा नादच सोडू. ड्रम ब्रेक लावू, स्कूटरच्या मागच्या चाकाला असतो तसा, हबमध्ये. पाणी-चिखल आत जात नाही. रिंग कुठलीही असू द्या, वाकडी असू द्या. पेडल उलटं मारायचा ब्रेकही असतो, पण चेन उतरली की तो गेला, म्हणून तो नको.

मामा : भोकं? आपल्या रिंगला पुढं बत्तीस, मागं चाळीस.

भाची : छत्तीस भोकांचा हब सहज मिळतो, बत्तीसचा शोधावा लागेल. पुढचाच लावू.

मामा : आन् ड्रमची पाटी चाकाबरोबर फिरू नये म्हणून दांडा लागतो, तो चिमट्याला बांधावा लागणार. हा चिमटा खाली बारीक हाय. डाग देऊ का?

भाची : डाग नको. तापवलं तर तिथेच नरम पडेल, आणि ब्रेकचा सगळा जोर तिथेच यायचा आहे. गार पट्टा आवळू, शक्य तितका वर, जाड भागावर.

मामा : किती रुंद पट्टा?

भाची : वीस मिलिमीटर. आणि सहाचा बोल्ट.

मामा : आठचा टाक. मागं कुणीतरी बसणारच.